मंदाताईंच्या सायकलच्या मुठी

मंदाताईंना ओरछ्याला जाऊ द्यायचं नाही, हे मी जानेवारीतच ठरवलं होतं. तरीही त्यांच्या सायकलच्या मुठी निवडायला मी तीन वेळा त्यांच्याबरोबर किला गेटच्या सायकलच्या दुकानात गेले, आणि तिन्ही वेळा आनंदाने गेले.

मंदाताई माझ्या नणंद. वय सत्तर, माझ्याहून सहा वर्षांनी लहान. लग्न केलं नाही. ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या एका शाळेत मुलींना भूगोल शिकवला आणि आता थाटीपुरच्या घरात आम्ही दोघीच असतो. गेल्या वर्षी त्यांनी लांब पल्ल्याची सायकल घेतली आणि समरजीत नावाच्या एका निवृत्त बँकवाल्यांच्या टोळीत सामील झाल्या. सगळे साठीच्या पुढचे. फेब्रुवारीत ग्वाल्हेर ते ओरछा, दोन दिवसांत, मधला मुक्काम दतियाला, असा त्यांचा बेत होता. मंदाताईंनी जन्मभर नकाशावर काठीने नद्या दाखवल्या. सिंध स्वतःच्या पायांनी ओलांडायची आणि बेतवा गाठायची, एवढंच त्यांना हवं होतं.

अडचणी दोन होत्या. तासभर सायकल चालवली की दोन्ही हातांची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट बधिर व्हायचं. आणि मणक्यामुळे मान उजवीकडे वळायची नाही, म्हणजे मागून काय येतंय ते कळायचं नाही. समरजीतनी स्वच्छ सांगितलं होतं, हायवेवर मागचं ज्याला दिसत नाही त्याला मी नेणार नाही.

तिसरी अडचण मी होते. ती त्यांना ठाऊक नव्हती.

आमच्या घरात प्रवासाला निघणाऱ्याच्या तळहातावर थोरल्या बाईने दही घालायचं असतं. ते चाटून निघायचं. पुष्कळ घरांतून हे गेलं, आमच्यात टिकलं. मंदाताई इंदूरला लग्नाला निघाल्या तरी त्यांना दही लागतं. त्याशिवाय त्या उंबरा ओलांडत नाहीत. सासूबाई गेल्यापासून ते मी घालते.

१९८८ साली माझे यजमान कृष्णराव कचेरीच्या कामाला पहाटेच्या जीपने झाशीला निघाले आणि दतियाच्या अलीकडे अपघातात गेले. सासूबाई तेव्हा इंदूरला होत्या, म्हणून त्या पहाटे दही घालायचं माझ्याकडे होतं. तेराव्याच्या दिवशी, बायकांनी भरलेल्या खोलीत, मंदाताई म्हणाल्या, "दादा दही न घेता गेला. वहिनी झोपल्या होत्या."

मी झोपले नव्हते. मी दही घातलं होतं. पण माझं कोण ऐकणार होतं? सासूबाई पुढे अकरा वर्षं जगल्या. अकरा वर्षं त्यांनी मला विरजणाच्या भांड्याला हात लावू दिला नाही.

माझ्या लक्षात फार राहतं. चांगलंही राहतं. मी लग्न होऊन आले तेव्हा मंदाताईंची हिरवी लेडीज सायकल होती, हँडलच्या दोन्ही टोकांना प्लास्टिकच्या रंगीत झिरमिळ्या. त्या गोरखीच्या बाजारातल्या गर्दीतून घंटी वाजवत येताना दिसल्या की मी पोळी तव्यावर सोडून दारात यायचे. मला ती सायकल आवडायची. त्याही आवडायच्या.

पहिल्या खेपेला मंदाताईंनी दुकानात शिरताच सगळ्यात मऊ मुठी मागितल्या. आठवड्याने त्याच परत घेऊन गेल्या. दुकान अंशुलचं, चाळिशीचा माणूस, आमच्याशी हिंदीतच बोलतो.

"आंटी, नरम ग्रिप दस किलोमीटर अच्छी लगती है," तो म्हणाला. "फिर हाथ उसमें धँसता है और नस दबती है."

"मग हे आधी का नाही सांगितलंत?"

"आपने पूछा कहाँ? हेडमास्टरनी जैसा ऑर्डर दे दिया."

"हेडमास्तरीण नव्हते मी. भूगोलाची बाई होते."

"वही तो. रास्ता आपको मालूम, ग्रिप मुझे मालूम."

त्याने दुसऱ्या मुठी काढल्या. बोटांकडे गोल, पण बाहेरच्या बाजूला रुंद आणि चपट्या, तळहाताची कड टेकायला. भार एका जागी न पडता सगळ्या तळव्यावर पसरतो, असं त्याने समजावलं. मंदाताईंना त्या पसंत पडल्या, पण तिसऱ्या खेपेला पुन्हा तक्रार, मनगट दुखतं म्हणून. मी त्यांना हँडल धरून बसायला सांगितलं आणि बाजूने पाहिलं.

"वन्सं, तुमचं मनगट वर मोडतंय. मुठीचं हे चपटं पान फार वर आहे. थोडं खाली फिरवा."

अंशुलने स्क्रू सैल करून पान फिरवलं. मंदाताईंनी डोळे मिटून हात टेकवले.

"अब?" त्याने विचारलं.

"आता खुर्चीत बसल्यासारखं वाटतंय. वहिनी, तुम्ही कुठे शिकलात हे?"

"इतकी वर्षं तुमच्याकडे बघतेच आहे की."

मग आरसा. उजव्या टोकाला लावायचा, कारण गाड्या उजवीकडून पुढे जातात. अंशुलने एक सपाट आरसा ठेवला आणि एक फुगीर.

"वहिनी, जरा मागे जाऊन उभ्या रहा ना. त्या कचोरीवाल्यापर्यंत."

मी गेले. गर्दीत उभी राहून हात हलवला.

"दिसते का?"

"दिसताय, पण बोटाएवढ्या."

"बरंच झालं. फार सुटले होते."

अंशुल हसला. फुगीर आरशात रस्ता जास्त दिसतो, पण ट्रक असतो त्याहून लांब वाटतो. सपाट आरशात अंतर खरं, पण रस्ता चिंधीएवढा. मंदाताईंचं ठरेना. मी म्हटलं, फुगीर घ्या, अंतराची सवय होईल. मग आठवडाभर रोज सकाळी त्या फाटकासमोर सायकलवर बसायच्या आणि मी मागून चालत यायचे. "आता किती पावलं?" मी विचारायचे. "वीस." "बारा." "पुन्हा." शेवटी दहात नऊ वेळा बरोबर येऊ लागलं.

हे सगळं मी मनापासून केलं. जिला जायची आशाच नाही तिला अडवण्यात काय आहे? आशा पुरती पिकू द्यायची होती.

एका रविवारी त्या टोळीबरोबर टेकनपुरला जाऊन आल्या. जाऊन-येऊन साठ किलोमीटर. घरात आल्या त्या दोन्ही पंजे पसरूनच.

"वहिनी, बघा, करंगळी जिवंत आहे." आणि करंगळीने माझ्या दंडाला टोचलं. समरजीतनी त्यांचं नाव यादीत पक्कं केलं होतं.

तेव्हा मात्र वाटलं, सोडून द्यावं. चहा ठेवेपर्यंत वाटत राहिलं. मग ती बायकांनी भरलेली खोली आठवली, आणि माझ्याकडे वळलेल्या त्या सगळ्या माना. मी चहात साखर घातली.

निघायच्या दिवशी सकाळी समरजीत आणि चौघं फाटकाबाहेर सायकली घेऊन उभे होते. मंदाताईंनी डोक्यावर हेल्मेट चढवलं होतं. उंबऱ्याच्या आत उभं राहून त्यांनी उजवा हातमोजा काढला आणि तळहात पुढे केला.

"दही."

"नाही."

"लागलं नाही का?"

"लागलंय. घालणार नाही."

त्या आधी हसल्या. मग माझ्या तोंडाकडे पाहिलं.

"दादा दही न घेता गेला, वहिनी झोपल्या होत्या," मी म्हटलं. "तुमचेच शब्द. आज मी जागी आहे, वन्सं. जागेपणी घालत नाही."

बाहेरून समरजीतनी हाक मारली. "दीदी, चलें? धूप चढ़ जाएगी."

मंदाताईंचा हात तसाच होता. आवाज मात्र उतरला. "तुम्ही घातलं होतं दही. मला माहीत होतं. ओट्यावरची वाटी मीच विसळली."

हे मला नवीन होतं. इतकी वर्षं मी समजत होते की त्यांची चूक झाली.

"मग तसं का म्हणालात?"

"गजराचं घड्याळ माझ्या उशाशी होतं, दादाला उठवायचं काम माझं होतं. मी उशिरा उठवलं. जीपवाल्याने वेळ भरून काढायला गाडी पळवली. आई नाव मागत होती, वहिनी. कुणाचं तरी नाव हवं होतं तिला." त्यांनी ओठ पुसले. "आता घाला."

"दही घेऊनही ते गेले, हे तर तुम्हाला तेव्हापासून ठाऊक आहे. मग तुम्हाला कशाला हवं? जा तशाच."

मला माहीत होतं, त्या जाणार नाहीत. स्वतःच्या हाताने वाटी विसळलेल्या बाईला तरी दह्याचं काही वाटायला नको होतं. पण त्या सत्तर वर्षांत एकदाही तशा निघाल्या नव्हत्या. शेवटी त्यांनी तो हात दुसऱ्या हाताने धरून खाली घेतला.

"पाया पडू का तुमच्या?"

"पडा. तरी नाही."

त्या पडल्या नाहीत. अंगणात सायकलपाशी गेल्या, दोन्ही मुठी धरल्या, एक पाय पॅडलवर ठेवला. उंबरा तर त्यांनी ओलांडला होता. मला क्षणभर धडकी भरली. मग त्यांनी पाय खाली टेकला.

"भाईसाहब, आप लोग निकलिए. तबीयत ठीक नहीं."

समरजीतनी दोनदा विचारलं, डॉक्टरला फोन करू का म्हणाले, मग गेले. मंदाताई फाटकाची कडी लावून आत आल्या आणि हेल्मेट न काढताच खाटेवर बसल्या. मी केर काढला, कुकर लावला.

दुपारी भातावर तेच दही वाढलं. छान घट्ट लागलं होतं. मंदाताईंनी ते कालवलं आणि खाल्लं.

"आणखी घालू?" मी विचारलं.

"नको," त्या म्हणाल्या.