साखळी अडकली आहे

धरणाचा दरवाजा अडकलेला नव्हताच. हे ओरिन हॅल्स्टेडला ठाऊक होतं, त्याच्या बहिणीला ठाऊक होतं, आणि तिसऱ्या कुणाला कळलं असतं तर ओरिनच्या नोकरीवर पाणी सोडायची वेळ आली असती.

आमच्या कलीट नदीवर सप्टेंबर लागला की वरच्या धरणातून नदीत सोडायचं पाणी कमी करायला घेतात. उन्हाळाभर बागांसाठी नदी दुथडी वाहती ठेवलेली असते. पण समुद्रातून परत आलेले सॅमन मासे याच दिवसांत अंडी घालतात, आणि मादीला काय, जिथे पाणी दिसेल तिथे ती शेपटीने खडीत खळगा खणते. पुढे हिवाळ्यात धरण भरायचं म्हणून नदी निम्म्याहून खाली जाते, काठ उघडे पडतात, आणि काठावरची अंडी वाळून जातात. म्हणून मासे यायच्या आधीच नदीचं पाणी उतरवायचं, म्हणजे ते मधल्या धारेतच घरटी करतील. खालच्या बागांना तोवर दुसऱ्या नदीवरच्या धरणातून पाणी मिळतं. सगळ्यांचं भागतं. सगळ्यांचं म्हणजे वरच्या कालव्यावरच्या चार बागा सोडून. त्यांना दुसऱ्या नदीचं पाणी पोचतच नाही, आणि त्यातली एक बाग मारीटची, ओरिनच्या थोरल्या बहिणीची.

एरवी तोपर्यंत मारीटची सफरचंदं उतरवून झालेली असायची. पण नवरा सोडून गेल्यावर तिने जुनी झाडं उपटली आणि उशिरा पिकणाऱ्या नव्या जातीची लावली. एकेक रोप स्वतःच्या हाताने. यंदा पहिल्यांदाच फांद्या वाकल्या होत्या. आणि नेमकं यंदाच मेलं ऊन हटायला तयार नव्हतं! अशा उन्हात सफरचंद झाडावरच भाजतं, एका गालावर तपकिरी डाग पडतो, आणि डाग पडला की ते गेलं रसाच्या कारखान्यात. दुपारभर झाडांवर फवारे चालू ठेवले तरच ते वाचतं.

"रविवारपर्यंत, ओरी," मारीट म्हणाली होती. "रविवारी तोडणीची माणसं येतायत. तेवढं पाणी राहू दे. तेवढ्याने नदीचं काय जाणार आहे?"

धरणाचा दरवाजा सांभाळणाऱ्या ओरिनने कार्यालयात कळवलं, दरवाजाची साखळी अडकली आहे, तो खाली येत नाही. तिकडून उत्तर आलं की दुरुस्तीची माणसं दुसऱ्या धरणावर गुंतलीत, पुढच्या आठवड्यात पाठवतो. झालं. इतकं सोपं होतं ते, की ओरिनला त्याचीच भीती वाटली. त्या दिवसापासून त्याला घास गोड लागेना.

गुरुवारी सकाळी धरणावर लव्हीनाबाईंचा ट्रक येऊन थांबला. लव्हीना चार्ली या बाई इथल्या मूळ जमातीच्या मासे खात्यात आयुष्य घालवलेल्या. नदीत छातीपर्यंत उतरून घरटी शोधायचं काम त्या ओरिन शाळेत होता तेव्हापासून करत होत्या. त्यांच्याबरोबर एक दांडगा माणूस उतरला, हातात अवजारांची पेटी.

"हा क्लिफर्ड. माझ्या मावशीचा मुलगा," लव्हीनाबाई म्हणाल्या. "कसलीही साखळी असू दे, हा सोडवतो. म्हटलं तुमचे साहेब कधी येतील ते येतील, आपण बघून तर घेऊ."

ओरिन जिन्याच्या तोंडाशी येऊन उभा राहिला.

"अहो, कशाला एवढा त्रास घेतलात," तो म्हणाला. "परवानगी लागते त्याला. सरकारी यंत्र आहे."

"परवानगी मी काढलीय. तुझ्याच साहेबांना फोन केला होता. म्हणाले, उपकार होतील."

ओरिन बाजूला सरला. क्लिफर्ड शीळ घालत जिना चढून वर गेला. त्याने साखळीवरून हात फिरवला, दातेरी चाकात डोकावून पाहिलं, वाकून वास घेतला.

"ताजं ग्रीस आहे," तो म्हणाला. "चांगलं घातलंय कुणीतरी."

"मीच," ओरिन म्हणाला.

"मग अडकते कुठे?"

"मधेच. कधी अडकते, कधी नाही."

"माझ्या सासूसारखी दिसते," क्लिफर्ड म्हणाला आणि त्याने बटण दाबलं.

मोटर गुरगुरली. साखळी सरसर सुटली आणि दरवाजा लोण्यातून सुरी जावी तसा खाली गेला. खाली पाण्याचा आवाज बदलला. क्लिफर्डने तो परत वर घेतला, पुन्हा वीतभर खाली सोडला, आणि शीळ घालायचा थांबला. एकदा त्याने ओरिनकडे पाहिलं, एकदा लव्हीनाबाईंकडे, आणि मुकाट्याने पेटी आवरायला घेतली.

लव्हीनाबाई ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या नुसत्या म्हणाल्या, "चल माझ्याबरोबर."

"लव्हीनाबाई, माझं ऐकून तरी घ्या."

"नंतर ऐकते. आधी चल."

धरणाच्या खाली विलोच्या झाडांच्या बेटाजवळ नदी पसरट होते. तिथे काठाला पाणी जेमतेम गुडघाभर, उन्हाळ्यात बुडालेलं गवत अजून पाण्यात हिरवं हलत होतं. लव्हीनाबाईंनी त्याला दंडाला धरून थांबवलं आणि बोट दाखवलं. आधी ओरिनला काहीच दिसलं नाही. मग पाणी फाटल्यासारखं झालं आणि हाताएवढी लांब मादी आडवी होऊन खडीवर शेपटी आपटायला लागली. शेपटीची साल निघून आत पांढरं दिसत होतं. समुद्र सोडल्यापासून पोटात अन्नाचा कण नाही, अंगावर जखमा, आणि तरी ती खणत होती. तिच्या मागे आणखी एक. त्यापलीकडे खडीचे स्वच्छ उजळ ढीग, आधीच भरून झालेली घरटी.

"हे सगळे यंदा लवकर आले," लव्हीनाबाई म्हणाल्या. "पाणी गरम झालं म्हणून घाई केली बिचाऱ्यांनी. जिथे तू उभा आहेस ना, तिथे ख्रिसमसला काय असतं?"

"बर्फ," ओरिन म्हणाला. "कोरडी खडी आणि बर्फ."

"तू पाणी दाखवलंस, तिने विश्वास ठेवला."

ओरिनला गलबलून आलं. चाळिशी उलटलेला, धिप्पाड माणूस, पण शरमेने त्याचे कान लाल झाले. मग त्याने सगळं सांगून टाकलं. मारीट, झाडं, रविवार, साखळी.

"पाणी असंच ठेवलं तर?" त्याने विचारलं. "हिवाळाभर?"

"आणि धरण भरणार कशाने? पुढच्या उन्हाळ्यात तुझी बहीणही कोरडी आणि माझे मासेही कोरडे." त्यांनी सुस्कारा सोडला. "रोज नव्या येतायत, ओरिन. आज उतरवलंस तर मागून येणाऱ्या तरी धारेत जातील. साहेबांना मी काही सांगणार नाही. ते तू सांगायचं."

त्याने धरणावर परत जाऊन फोन केला आणि खरं काय ते सांगितलं. मग साहेब म्हणाले, "आधी दरवाजा उतरव. तुझं काय करायचं ते मासे संपल्यावर बघू."

दरवाजा धाडकन टाकून चालत नाही. पाणी बोटबोट उतरवावं लागतं, नाहीतर काठच्या डबक्यांत मासे अडकून तडफडतात. ओरिन थोडा उतरवायचा, थांबायचा, काठ बघायचा, पुन्हा थोडा. डोक्यावर ऊन नुसतं भाजत होतं. खिशात फोन वाजत होता. त्याने बघितलाही नाही, कोण ते माहीत होतं. कालव्याचं पाणी उतरलं की सगळ्यात आधी मारीटच्याच फवाऱ्यांचा जोर जातो.

दुपार कलायच्या आत ती आली. ट्रकचं दार उघडंच टाकून पळत जिना चढली. केसात पानं, तोंडावर माती.

"ओरी, पाणी गेलं!"

"मी बंद करतोय."

"रविवार म्हणाला होतास तू!"

"मासे आलेत, मारीट. काठावर अंडी घालतायत."

"मासे?" तिचा विश्वासच बसेना. "माझी झाडं उभी जळतायत आणि तू मला मासे सांगतोस? माझ्या जिवाचं रान केलंय मी त्या बागेसाठी. तू होतास ना खड्डे खणायला? तूच होतास ना?"

"होतो."

"मग सरक बाजूला."

ती बटणाकडे धावली. ओरिनने तिचा हात धरला. लहानपणी ती त्याला लोळवायची, अजूनही लोळवलं असतं. दोघं भावंडं दरवाजावरच्या त्या अरुंद पुलावर एकमेकांशी झटत होती आणि खाली पाणी घोंगावत होतं. तिचं कोपर त्याच्या ओठावर बसलं, रक्त आलं. पण त्याने हात सोडला नाही.

"सोड!"

"नाही सोडणार. मारायचं तर मार."

ती एकदम ढिली पडली. त्याच्या ओठाकडे बघत राहिली. मग इतक्या हळू बोलली की पाण्याच्या आवाजात त्याला नीट ऐकू यायला वाकावं लागलं.

"मागितलं होतं तेव्हाच नाही म्हणाला असतास, तर मी कशीतरी माणसं आधी आणली असती. थोडी कच्ची तोडली असती. तू हो म्हणालास, ओरी. मी तुझ्यावर विसंबून राहिले."

सकाळी नदीवर हेच ऐकलं होतं त्याने. त्याने तिचा हात सोडला. ती निघून गेली.

संध्याकाळी काठ उघडा पडला. खडीचे ते उजळ ढीग आता ओल्या दगडांचे उंचवटे होऊन हवेत वाळायला लागले होते. उशिरा आलेल्या माद्या मधल्या धारेत खणत होत्या, तेवढंच समाधान. लव्हीनाबाईंनी गुडघे टेकून खडीत हात घातला.

"आत अजून ओल आहे," त्या म्हणाल्या. "अंडी पाण्याखालीच हवीत असं नाही. खडीतून पाणी झिरपत राहिलं, आणि गोठलं नाही, तर जगतात. वर टेकडीत झरा आहे, तो हिवाळ्यातही गोठत नाही. तिथून इथवर पाईप आणले तर उतारानेच पाणी येईल. पण एवढे पाईप रातोरात आणायचे कुठून? आमच्या खात्याकडे मागितले तर नाताळ उजाडेल."

एवढे पाईप कुठे आहेत ते ओरिनला माहीत होतं. रांगेने, झाडांच्या मधून, कोरडे पडलेले.

अंधारायच्या आत तो बहिणीच्या बागेत पोचला. मारीट झाडाखाली बसून फळं वर उचलून गाल बघत होती. पश्चिमेकडच्या बाजूला डाग पडलेच होते. त्याने टोपी काढली आणि कसंबसं सांगितलं.

ती हसली.

"पुन्हा बोल," ती म्हणाली. "माझ्या झाडांचं पाणी काढून घेतलंस. आणि आता माझेच पाईप हवेत? तुझ्या माशांना?"

"हो."

"लाज नाही वाटत?"

"वाटते. फार वाटते. पण दुसरं कुणी नाही, मारीट. चूक माझी आहे आणि मरणार ती अंडी."

"माझ्या दारातून चालता हो."

तो चालता झाला. रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही. पहाटे बादल्या घेऊन नदीवर गेला. बादल्यांनी काय होणार होतं, पण हातावर हात ठेवून बसवेना. लव्हीनाबाई आणि क्लिफर्ड आधीच येऊन पोती भिजवून खडीवर टाकत होते. ऊन वर यायला लागलं तशी पोती वाळायला लागली. बेटापलीकडच्या घरट्याचे वरचे दगड पांढरे पडले.

तेवढ्यात टेकडीच्या वाटेवर खडखडाट झाला. मारीटचा ट्रक, मागे ॲल्युमिनियमच्या पाईपांची रास. ती उतरली, ओरिनकडे ढुंकूनही न बघता लव्हीनाबाईंकडे गेली.

"झरा कुठे आहे?"

लव्हीनाबाईंनी दाखवला.

"त्याला म्हणावं जोड लावायला हात घालू नको. त्याला आयुष्यात कधी जोड लावता आला नाही. नुसते पाईप वाहून आण म्हणावं."

ओरिन पुढ्यातच उभा होता. लव्हीनाबाई त्याच्याकडे वळल्या आणि अगदी गंभीरपणे म्हणाल्या, "तुझी बहीण म्हणते, नुसते पाईप वाहून आण."

त्याने वाहून आणले. मारीट गुडघ्यावर बसून एकेक जोड आवळत टेकडी उतरत आली. क्लिफर्डने झऱ्याचं तोंड पाईपाला बांधलं. पाईपातून आधी हवा फसफसली, मग माती आली, मग नितळ पाणी पांढऱ्या पडलेल्या दगडांवर पसरलं आणि दगड पुन्हा काळे झाले. लव्हीनाबाईंनी खडीत हात घालून पाहिलं आणि मान हलवली. त्यांचे डोळे भरून आले होते.

मारीट पाना हातात धरून ते बघत होती.

"कधी बाहेर पडतात पिल्लं?" तिने विचारलं. "मला हे पाईप फुलांच्या वेळी परत हवेत. वसंतात गारठ्यात फवारे नसले तर फुलं करपतात."

लव्हीनाबाईंनी खोटं सांगितलं असतं तर? त्या बाईंना ते जमतच नाही.

"फुलांच्याच सुमाराला," त्या म्हणाल्या. "थोडं नंतरच."

मारीटचा चेहरा दगडासारखा झाला. आता ती सगळे जोड सोडेल, ओरिनला वाटलं, आणि सोडले तर तिला अडवायचा हक्क आपल्याला उरलेला नाही.

"म्हणजे पुढच्या वर्षीही मीच सोसायचं," मारीट म्हणाली.

ती खाली बघत राहिली. शेवटच्या जोडातून पाणी बाजूला उडत होतं, आणि घरट्यापर्यंत पोचत नव्हतं. ती तिथे जाऊन वाकली, पाना लावला, जोर केला. पाईप तिच्या हातात फिरत होता. एकटीला तो काही आवळेना.

"ओरी," ती मान वर न करता म्हणाली. "इथे गळतंय. धर."

तो पाण्यात गुडघे टेकून बसला आणि त्याने दोन्ही हातांनी पाईप धरला.

"नीट धर," मारीट म्हणाली.