रेवतीचं पुढे काय

रविराज गेल्याची बातमी कंपनीच्या बसमध्ये मोशीच्या सिग्नलला कळली, आणि सगळ्यात आधी विमलबाईंचं तोंड पांढरंफटक पडलं. कारण आदल्याच दिवशी, याच बसमध्ये, मागच्या सीटवरून त्या खणखणीत आवाजात म्हणाल्या होत्या, "झडो मेल्याचे हात!" आणि चांगला धडधाकट माणूस छातीत कळ येऊन गेला होता.

रविराज म्हणजे टीव्हीवरच्या मालिकेचा लेखक. थेरगावचा, म्हणून आपला. आणि रेवतीला घराबाहेर काढलं, म्हणून दुष्ट. रेवती ही त्याची नायिका. सोन्यासारखी सून, पण नवऱ्याचा मार खाऊन खाऊन एक दिवस उठली आणि पोटच्या पोरीला सासूकडे ठेवून निघून गेली. त्यावरून केवढा गहजब झाला! चॅनेलला निवेदनं गेली, मोर्चाची भाषा झाली, हा लेखक घरं मोडायला निघालाय असं जो तो बोलू लागला. चाकणला गाड्यांच्या वायरी जोडणाऱ्या या बायकांनीही त्याला पोटभर शिव्या घातल्या, पण एक भाग चुकवला नाही. एकीच्या मोबाइलमध्ये चौघी डोकी खुपसून बसायच्या आणि बघता बघता लेखकाचं खानदान उद्धरायच्या. आता त्यांच्याच स्टेटसला त्याचा फोटो आणि शेजारी समई. मेलेल्या माणसाला चांगलं म्हणायला आपल्याकडे फार वेळ लागत नाही.

"त्याच्या आईला भेटून येऊ," विमलबाई म्हणाल्या. "डांगे चौकाच्या मागंच राहते. मला चैन पडंना झालंय."

शिफ्ट सुटल्यावर तिघी डांगे चौकात उतरल्या. विमलबाई, लाइनवर नवीनच लागलेली पिंकी आणि तपासणीच्या टेबलावरची आम्रपाली. चालता चालता विमलबाईंनी दोघींना बजावलं, चहा घ्यायचा नाही, निघताना 'येते' म्हणायचं नाही, आणि सिरियलचा विषय तर अजिबात काढायचा नाही.

"पण काकू, रेवती पोरीला न्यायला जाते का नाही, ते आता कोण सांगणार?" पिंकी म्हणाली.

"पिंके, सुतकाचं घर आहे. लाज बाळग."

आम्रपालीलाही तेवढंच जाणून घ्यायचं होतं, आणि पिंकीपेक्षा कितीतरी जास्त. तिची संबोधी, तिसरीतली, परभणीला सासूजवळ होती. नवऱ्याचं घर सोडून आम्रपालीनं काळेवाडीत खोली घेतली तेव्हा बसमध्ये तिनं सांगून टाकलं होतं, मला मूलबाळ नाही. सगळ्या रेवतीला नावं ठेवायच्या तेव्हा तीही ठेवायची, जरा जास्तच मोठ्यानं. आता सासूचा निरोप आला होता की शाळा सुरू व्हायच्या आत काय ते सांग, पोरीला नेतेस की इथंच ठेवू? आम्रपालीनं उत्तर टाळलं होतं. रेवती काय करते ते बघू, मग आपण ठरवू, असं तिनं मनाशी धरलं होतं. शहाण्या बाईनं असं करू नये, हे तिलाही कळत होतं.

रविराजची आई, सावित्रीबाई, भिंतीला टेकून बसल्या होत्या. विमलबाईंनी आत पाऊल टाकलं ते हंबरडा फोडतच, आणि थेट त्यांच्या पायांवर पडल्या. "माझीच जीभ काळी हो! मीच बोलले तसं!"

"ऊठ बाई," सावित्रीबाई म्हणाल्या. "तुज्या जिभंनं मान्सं मरत असती तर निम्मं गाव रिकामं झालं असतं."

विमलबाईंना त्यावर आणखीच रडू फुटलं. पिंकीनं त्यांना तोंड धुवायला बाहेर नेलं. खोलीत आम्रपाली आणि सावित्रीबाई दोघीच उरल्या.

"मावशी," आम्रपाली म्हणाली, आणि नको नको म्हणताना तोंडातून निघून गेलंच, "रेवती जाते का हो तिच्या पोरीला न्यायला?"

बोलली मात्र, तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. समोर पोटचा पोरगा गेलेली बाई बसलीय आणि आपण गोष्टीचा शेवट विचारतोय.

सावित्रीबाई रागावल्या नाहीत. "त्योबी ह्येच इचारत व्हता," त्या म्हणाल्या. "रेवती म्हंजी मीच की गं. मीबी त्याला आज्जीपाशी ठिवून हितं आले, कारखान्याच्या कँटीनला लागले. परवा त्याचा फोन आला. म्हनला, आई, मला सोडून आलीस तवा तुला कसं वाटलं? खरं सांग, म्हंजी मला म्होरचं लिवता येईल. मी म्हनलं, कसं वाटंल बाबा? रोज रडायची तुज्यासाटी. जरा गप ऱ्हायला. बरं म्हनला आन् फोन ठिवला."

"मग?"

"मग काय? खोटं बोलले मी." सावित्रीबाईंनी पदरानं तोंड पुसलं. "बरं वाटलं व्हतं मला. मारायला कुनी न्हाई, काई न्हाई. पोराची आठवन यायची, न्हाई असं न्हाई. पर झोप लागायची. त्याला ठावं असनार त्ये. माज्या तोंडून ऐकायचं व्हतं नुसतं. आन् मी त्येवढंबी दिलं न्हाई त्याला."

आम्रपालीला त्यांच्याकडे बघवेना. काळेवाडीच्या खोलीत तिलाही गाढ झोप लागत होती. पोरीला ठेवून आल्याचं ती एक वेळ स्वतःला माफ करू शकली असती. पण आपल्याला तिथं बरं वाटतं, याची तिला फार शरम वाटत होती.

निघताना कुणीच 'येते' म्हणालं नाही. चौकात आल्यावर पिंकीनं हळूच विचारलं, "त्या काही बोलल्या का रेवतीचं?"

"मला मुलगी आहे," आम्रपाली म्हणाली. "परभणीला. सासूकडे ठेवलीय."

पिंकी बघतच राहिली. विमलबाईंचा हात तोंडावर गेला. "अगं, आणि आम्ही तुझ्यासमोर रोज..."

"मीही होतेच की तुमच्यात," आम्रपाली म्हणाली. तिनं पर्स उघडून मोबाइल काढला आणि तिथंच, रिक्षांच्या गोंगाटात, परभणीला फोन लावला. संबोधीनंच उचलला. सुट्टीत दिवसभर काय खेळली, आजीनं काय केलं होतं जेवायला, सगळं सांगून झालं, आणि मग दर वेळचा प्रश्न आला.

"मम्मी, तुला तिथं करमतं का?"

नाही गं राणी, तुझ्याशिवाय कसं करमेल, हे उत्तर आम्रपालीला तोंडपाठ होतं. तिनं डोळे मिटून घेतले.

"करमतं," ती म्हणाली. "तुझी आठवण येते. पण करमतं."

पोर रडायला लागली की काय म्हणून आम्रपालीनं मोबाइल कानाशी घट्ट धरला.

"मलापण इथं करमतं," संबोधी म्हणाली. "तुला वाईट वाटेल म्हणून मी सांगत नव्हते."