नऊ नंबरचा बिल्ला

ते साल एकोणीसशे एकाहत्तर. मला एकोणिसावं लागलं होतं आणि शेतीच्या यंत्रांची दुरुस्ती शिकवणाऱ्या शाळेत चाळीस मुलांत मी एकटी मुलगी होते. दोन वर्षांचा अभ्यासक्रम, शेवटच्या परीक्षेला तीन आठवडे उरलेले. परीक्षेत पहिला येईल त्याला ट्रॅक्टरच्या कंपनीत थेट नोकरी मिळायची, आणि तोवरच्या सगळ्या चाचण्यांत पहिली मी होते.

शाळेत हत्यारं मिळायची ती बिल्ल्यांवर. प्रत्येकाला पाच पितळी बिल्ले, त्यांवर आपापला नंबर ठोकलेला. हत्यारांच्या खोलीच्या खिडकीत बिल्ला द्यायचा, पाना घ्यायचा. पाना ज्या खिळ्यावरून निघाला त्याच खिळ्यावर बिल्ला लटकायचा. पाना परत आला की बिल्ला परत. माझा नंबर नऊ. घरी येताना ते पाच बिल्ले माझ्या डगल्याच्या खिशात वाजत. आई चुलीपाशी बसल्या बसल्या म्हणायची, "आली घंटा बांधलेली गाय."

खिडकीमागे बसायचा माझा सख्खा भाऊ, दादा. वडील गेल्यापासून घर त्याच्या त्या हंगामी नोकरीवर चाललं होतं. मला शाळेत घालायचं त्यानेच ठरवलं होतं, आईशी भांडून. तेही मी विसरलेले नाही.

मला घडवलं ते मात्र शाळेतल्या वेल्डरकाकांनी. पेचकसाचं टोक इंजिनाला आणि मूठ कानाला लावून आतलं ऐकायचं, हे त्यांनी शिकवलं. "डोळे मीट," ते म्हणायचे. "यंत्र कधी खोटं बोलत नाही, आपण ऐकत नाही." चार नंबरचा मुलगा शाळेच्या मोठ्या साहेबांच्या बहिणीचा, म्हणून सगळे त्याला भाचा म्हणत. भाच्याने एकदा कानाला पाना लावून विचारलं होतं, "काका, मला जेवणाची घंटा ऐकू येतेय, बरोबर ना?" सगळे हसले होते. मीसुद्धा.

एका सोमवारी दुपारी भाच्याने मळणीयंत्राच्या, ट्रॅक्टरने फिरणाऱ्या दांड्यावरचं पत्र्याचं झाकण उघडलं. आत ग्रीस भरायचं होतं. चार बोल्टांचं काम. थोड्या वेळाने मी तिथून गेले तर झाकण तसंच खाली पडलेलं आणि हा ट्रॅक्टरच्या चाकाला टेकून बसलेला.

"झाकण लाव रे."

"लावतो गं, आजीबाई."

तेवढ्यात तासाची घंटा झाली. मी वर्गात गेले. चार बोल्ट मीच लावून टाकले असते, तर पाच मिनिटंही लागली नसती.

दुसऱ्या दिवशी सकाळी वेल्डरकाका त्या यंत्राचा तुटलेला पाय जोडायला वाकले होते. पलीकडून कोणीतरी ट्रॅक्टर चालू केला. दांड्यात त्यांची बाही गेली, आणि बाहीमागून उजवा हात. मी धावत पोचले तेव्हा यंत्र बंद झालं होतं आणि काका शुद्धीवर होते. "झाकण कुठंय?" एवढंच विचारत होते.

साहेबांनी हत्यारांच्या खोलीला कुलूप लावलं आणि दादाला आपल्या खोलीत बोलावलं. सतरा नंबरचा पाना परत आलेला नव्हता. म्हणजे तो नेणाऱ्याचा बिल्ला खिळ्यावरच होता, आणि झाकणाचे बोल्ट सतराचेच. दादा तासाभराने बाहेर आला. घरी अर्ध्या ताटावरून उठला.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी न्हाणीघरात असताना बिल्ले वाजल्याचा आवाज आला. डगला स्वयंपाकघराच्या दाराआड खुंटीला असायचा. मला वाटलं, आईने हलवला असेल.

चौकशीला बाहेरून तिघे आले होते. दादा पहाटेच साहेबांनी दिलेली चावी घेऊन शाळेत गेला होता. सगळ्यांना बाहेर रांगेत उभं करून खोली उघडली. सतराच्या खिळ्यावर नऊ नंबरचा बिल्ला होता.

"नऊ नंबर, तुझ्याकडे बिल्ले किती?" त्या तिघांतल्या एकाने विचारलं.

"पाच," मी म्हणाले आणि खिशात हात घातला. चार होते.

"झाकण भाच्याने काढलं होतं," मी म्हणाले. "मी बघितलंय."

"मग खिळ्यावर तुझा बिल्ला कसा?"

भाच्याला कोणी बिल्ले दाखवायला सांगितले नाहीत. तो बुटांकडे बघत होता. साहेब दादाकडे वळले. "पाना कोणी नेला?"

"बिल्ला सांगतोच आहे, साहेब," दादा म्हणाला. तो चौकशीवाल्यांच्या हातातल्या वहीकडे बघत होता. आदल्या दिवशी आईने इस्त्री केलेला सदरा त्याच्या अंगात होता, कॉलर ताठ. माझ्याकडे एकच उत्तर होतं, पहाटे वाजलेल्या बिल्ल्यांचं, आणि ते दिलं असतं तर त्याची नोकरी तिथल्या तिथे गेली असती, घर बसलं असतं. मी चार बिल्ले परत खिशात टाकले. त्या संध्याकाळी माझं नाव शाळेतून काढलं.

घरी गेले तर आई दूध तापवत होती.

"तो डगल्यात हात घालत होता तेव्हा तू इथेच होतीस."

"दूध उतू जात होतं. मी दुधाकडे बघत होते."

"आई."

"त्याची नोकरी कायम होतेय. तू काय, उद्या सासरी जाशील. तिथे काय ट्रॅक्टर उघडत बसणार आहेस?"

दादा बाहेरच्या खोलीत होता. त्याला सगळं ऐकू येत होतं.

भाचा परीक्षेत कसाबसा पास झाला आणि पुढे ट्रॅक्टर विकायच्या दुकानात खुर्चीवर बसला. साहेब मानाने निवृत्त झाले. शाळेच्या सभागृहात त्यांची तसबीर आहे. आई शेवटची नऊ वर्षं माझ्याकडे होती. त्या सकाळचा विषय तिने काढला नाही, मीही नाही.

माझं लग्न झालं ते पंप दुरुस्त करणाऱ्याशी. दुकानावर पाटी त्यांच्या नावाची, आतल्या बाजूला हात माझे. गिऱ्हाईक म्हणायचं, "मिस्तरींना बोलवा." हे म्हणायचे, "बोलावतो की," आणि पाना माझ्या हातात द्यायचे. माणूस चांगला होता. कागद मात्र माझ्याकडे कुठलाच नव्हता.

वेल्डरकाकांना शाळेच्या फाटकावर पहारेकऱ्याचं काम दिलं. मी एकदा भेटायला गेले. म्हटलं, "काका, ते मी नव्हते." त्यांनी डाव्या हाताने फाटकाची कडी लावली. "चार बोल्ट होते, पोरी," म्हणाले, आणि आत वळले. मी पुन्हा गेले नाही.

दादा चौतीस वर्षं त्याच खिडकीमागे बसला. तो गेल्यावर त्याची सून दाढीच्या सामानाचा जुना डबा घेऊन आली. तळाशी पितळी बिल्ला होता. चार नंबरचा, भाच्याचा. साहेब नोकरीचा शब्द फिरवतील या भीतीने ठेवला असेल. मग तशी वेळ आली नाही, आणि माझ्यासाठी त्याने तो कधी काढला नाही.

"आत्या, हे कशाचं?" तिने विचारलं.

"शाळेतला बिल्ला आहे. तुझ्या सासऱ्यांकडून परत करायचा राहिला."

वेल्डरकाकांना जाऊन तेव्हा अकरा वर्षं झाली होती.