पुंजाजींनी नापास केलेली शास्त्रे

सन चौऱ्याहत्तरच्या जुलैतल्या त्या सकाळी किन्हीराजाच्या शिवारात पुंजाजी कपाशीच्या नांग्या भरत होते. सरकी जिथे रुजली नव्हती तेवढ्याच रिकाम्या जागी ते पुन्हा बी टोचत. उगवल्या जागेवर एक दाणाही वाया घालवत नसत. त्यांची मुलगी पंचफुला धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, उभी होती. तिच्या हातातल्या बी.ए.च्या प्रवेशअर्जावर वडिलांची सही नव्हती, ऐच्छिक विषयाचा तिसरा रकाना कोरा होता, आणि वाशीमच्या कॉलेजात अर्ज देण्याचा तो अखेरचा दिवस होता. दहाची एसटी फाट्यावर यायला तासभर उरला होता.

पुंजाजी शिक्षणाच्या विरोधात होते असे कुणी म्हणू नये. छप्पन साली दीक्षा घेतल्यावर भर पंचविशीत ते पाटी घेऊन अक्षरे गिरवायला बसले होते, आणि त्यानंतर कोणत्याही कागदाला त्यांनी आपला अंगठा दाखवला नव्हता. अडचण होती ती त्यांच्या कसोटीची. नांग्यांचा नियम त्यांनी विद्येलाही लावला होता: घरात जे उगवले आहे ते कॉलेजात जाऊन पुन्हा पेरायचे नाही.

"जे मले येते ते मी तुले इथंच शिकवतो," त्यांनी मुलीला बजावले होते. "जे येत नाही, त्याच्यासाठी खुशाल जाय."

शास्त्रांचे अर्थ सांगायला पुतण्या दौलतराव आला होता. तत्त्वज्ञानात एम.ए. होऊन त्याला दोन वर्षे झाली होती, आणि ती दोन्ही त्याने वाचनालयात नोकरीच्या जाहिराती वाचण्यात निष्ठेने घालवली होती. कोणत्याही शब्दाला 'शास्त्र' जोडले गेले की त्याच्या आवाजात देवळातली घंटा हलू लागे. विषय सोपा करून सांगण्याचा त्याला अभिमान होता, आणि त्या सकाळी नेमका तोच गुण घातक ठरला.

भूगोल म्हणजे जमिनीचा चढउतार आणि पाण्याची वाट, असे त्याने सांगताच पुंजाजींनी न उठताच वावराचा ढाळ बोटाने आखून दाखवला, आणि भूगोल बाद झाला. राज्यशास्त्र म्हणजे राज्य करणारे कसे वागतात याचा अभ्यास. त्यावर पुंजाजी म्हणाले की मते मागायला येताना गाडीची काच खाली आणि जाताना वर, यापलीकडे त्यात काही असेल तर सांग. राज्यशास्त्रही गेले. मानसशास्त्र म्हणजे समोरच्याच्या मनात काय चालले आहे ते ओळखणे. तेवढ्यात भाकरी घेऊन आलेल्या बायकोकडे, लिलाबाईंकडे पुंजाजींनी मान वळवली.

"हिले इचार. मी तोंड उघडाच्या आंदी हिले समजून जाते."

"त्याले कायचा अभ्यास लागते?" लिलाबाई भाकरीचे फडके सोडत म्हणाल्या. "तुमच्या मनात हाये तरी केवढं."

शास्त्रांची अशी कत्तल पाहून दौलतने डाव बदलला. सोपेपणाने घात केला असेल तर अवघडपणा तरी तारील, असा हिशोब करून त्याने स्वतःचेच शास्त्र पुढे केले. तत्त्वज्ञान म्हणजे ज्ञाता आणि ज्ञेय यांच्या परस्परसंबंधातून सत्तेच्या अंतिम स्वरूपाचा घेतलेला निरपेक्ष शोध, असे तो एका श्वासात बोलून गेला. वाऱ्यालाही थोडे अवघडल्यासारखे झाले. पुंजाजींना एक अक्षर कळले नव्हते, म्हणजे विषय कसोटीला उतरला होता.

"हे तू शिकला?"

"हो, काका."

"किती वर्सं?"

"चार."

"मंग राहू दे," पुंजाजी म्हणाले.

दौलतने चष्मा काढून पुसला.

पंचफुलाच्या मनातला विषय समाजशास्त्र. अर्ज आणायला गेली तेव्हा कॉलेजच्या वाचनालयात एका पुस्तकात तिने कुठल्याशा गावाचा नकाशा पाहिला होता. त्यात गावाबाहेरची वस्तीसुद्धा होती, घराघरासकट. आपण राहतो ती जागा छापण्याजोगी असते, हे तिला त्या दिवशी प्रथम कळले. तेव्हापासून हे नाव तिने कुणाला न दाखवता जपले होते. पण दौलतला सवय आवरली नाही. माणसे एकत्र कशी राहतात, कोण कुठे बसतो, कोण कुठले पाणी पितो, असे त्याने सुरेख उलगडून सांगितले.

पुंजाजींचा हात मातीत थांबला.

"इहिरीपासून किती पावलावर थांबाचं, हे मले चालता आलं तवापासून येते," ते म्हणाले. "हा तर कापनीले आलेला विषय हाये, फुला. हा कायले पुन्हा पेरतं?"

पंचफुला धुऱ्यावरून उतरून त्यांच्यासमोर बसली.

"बाबा, थांबनाऱ्याचं तुमाले माहीत हाये. थांबवनाऱ्याच्या मनात काय होतं, ते माहीत हाये का?"

"ते कोन सांगन? कोनी इचारलंच नाही."

"तेच इचाराचं राह्यते ह्याच्यात. वही घेऊन त्यायच्या दारात जाचं, अन् ते सांगतीन ते लेहून घ्याचं."

"आपन त्यायले?"

"आपन त्यायले."

पुंजाजींनी हातातली सरकी धोतराच्या ओटीत टाकली. "अन् त्यायले उत्तर द्या लागते?"

उत्तर ऐच्छिक असते, हे सांगण्यासाठी दौलतने तोंड उघडले; पंचफुलाने त्याचा पाय दाबला.

"द्या लागते," ती म्हणाली. कोणत्याही पाठ्यपुस्तकाने तिला हा भरवसा दिलेला नव्हता.

पुंजाजींनी धोतराला हात पुसले. अर्ज ठेवायला सपाट असे जवळ काही नव्हते, म्हणून त्यांनी पुतण्याला ओणवे केले. एम.ए.च्या पाठीवर कागद ठेवून त्यांनी रकान्यात विषय लिहवून घेतला आणि आपली सही एकेक अक्षर रोवत पूर्ण केली. तत्त्वज्ञानाचा इतका भक्कम आधार त्या कुटुंबाला याआधी कधी मिळाला नव्हता.

पण कागद त्यांनी सोडला नाही.

"पहिला प्रश्न लेहून घे," ते म्हणाले. "त्यायच्या गोठ्याच्या कोनाड्यात आमच्यासाठी एक कप ठेवत होते. चहा पिऊन तो मीच धुवो. मी गेल्यावर तो कोनी पुन्हा धुवे का, हे इचार."

पंचफुलाने कॉलेजच्या माहितीपुस्तिकेच्या कोऱ्या पानावर प्रश्न उतरवला. फाट्याच्या बाजूने हॉर्न ऐकू आला.

"दुसरा?" तिने विचारले.

"दुसरा लांब हाये," पुंजाजी म्हणाले. बियांची ओटी त्यांनी बायकोच्या पदरात रिकामी केली. "चाल, चालता चालता सांगतो." आणि ते तिच्या पुढे निघाले.