मले सांगतलं होतं

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी एक धर्मादाय रुग्णालय आहे. गावाचं नाव सांगण्यात अर्थ नाही. जे तिथं घडलं ते कुठंही घडू शकतं, आणि बहुतेक ठिकाणी घडूनही झाकलं जातं.

त्या रुग्णालयात विमल राऊत मुख्य परिचारिका होत्या. लग्न होऊन आल्यापासून त्यांनी तिथंच नोकरी केली. नवरा लवकर गेला, त्यानंतर याच पगारावर मुलगी वाढवली. कापसाच्या दिवसांत फवारणीनं बेशुद्ध पडलेली माणसं त्यांनी जागवली होती, साप चावलेल्या पोरांना मांडीवर घेतलं होतं. बाजारात गेल्या तर भाजीवाल्या उठून रामराम घालत. विमलताई वाईट बाई नव्हत्या, हे आधीच सांगायला हवं.

त्या दिवशी सकाळी त्या चुलीशी भाकरी थापत होत्या. मुलगी खुशी नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला होती. ती डबा भरता भरता म्हणाली, "आई, काल निकिता मॅडमनं आमच्या कॉलेजात लेक्चर घेतलं. काय मस्त शिकवते वो! पेशंटले औषध देण्याच्या आधी काय काय विचारा लागते, सारं समजावलं. मले तर तिच्यासारखंच व्हा लागते."

विमलताईंचा हात भाकरीवर थांबला.

"अन् मी काय गवत कापून राह्यली का इतके वर्सं?"

"तसं नाही वो म्हटलं मी."

"मंग कसं म्हटलं?"

तव्यावरची भाकरी करपली आणि विमलताईंनी ती तशीच डब्यात घातली.

निकिता राठोड दारव्ह्याच्या बाजूच्या एका तांड्यावरची मुलगी. वडील खेमसिंग ऊसतोडीला जायचे. लेकीनं आश्रमशाळेत शिकून नागपुरात नर्सिंगची पदवी घेतली आणि उन्हाळ्यात या रुग्णालयात लागली. रुग्णालयाला दर्जाचं मानांकन हवं होतं. रुग्णांची सुरक्षितता पाहण्यासाठी एक परिचारिका नेमायची ठरली, तेव्हा सगळ्यांना वाटलं विमलताईच होणार. विमलताईंनाही वाटलं. त्यांनी त्या दिवशी नवं पातळसुद्धा नेसलं होतं. मोठ्या डॉक्टरांनी नाव घेतलं ते निकिताचं.

तेव्हापासून विमलताईंच्या छातीत काहीतरी रुतून बसलं. निकिता हसली तरी त्यांना खुपे. पेशंट तिला "राठोडबाई" म्हणत, तेही खुपे. निकितानं नवा नियम आणला, पाळी बदलताना दोघी परिचारिकांनी प्रत्येक खाटेजवळ उभं राहून पेशंटची माहिती सांगायची. विमलताईंना वाटलं, ही माझीच परीक्षा घेते आहे. मनात एक शब्द यायचा, 'तांड्यावरची'. तो त्यांनी कधी तोंडावर आणला नाही, पण मनातून हाकललाही नाही. माणसाला जेव्हा कुणाचं मोठं होणं सोसवत नाही, तेव्हा जात फार सोयीची पडते.

दुपारी सदाशिवराव बायकोला घेऊन आले. कापूस वेचताना तानाबाईंच्या पायात पऱ्हाटीचं, म्हणजे कापसाच्या झाडाचं, खुंट घुसलं होतं. आधी हळद लावून पाहिली. आता पाय सुजून भोपळ्यासारखा झाला होता, अंगात ताप भरला होता. सोबत वर्षभरापूर्वी घरात आलेली सून वैष्णवी होती. घाबरून ती बाहेर रिक्षापाशीच सामान सांभाळत थांबली.

विमलताईंनी तोंडाला मास्क लावून पाय धुतला, पट्टी बांधली. सदाशिवराव वाकून म्हणाले, "सिस्टरबाई, एक गोठ ध्यानात ठेवजा. मांगं यवतमाळले हिले सुई टोचली होती, तं अंगभर गांधी उठल्या, श्वास कोंडला. जाताजाता वाचली. तिथचे डॉक्टर म्हणे, पेनिसिलिनचं औषध हिले कवाच देऊ नोका."

"बरं झालं सांगतलं, काका. सांगते मी डॉक्टरले."

त्या खरंच सांगणार होत्या. पण डॉक्टर शस्त्रक्रियेत अडकले होते आणि बाळंतपणाच्या खोलीतून हाक आली. तिकडून परत येईस्तोवर पाळी संपली होती. सदाशिवराव वेचणाऱ्या बाया शेतात खोळंबल्या म्हणून गावी गेले होते. सासूपाशी वैष्णवी बसली होती. तानाबाईंना तापाची गुंगी आली होती.

निकिता आली. "ताई, चला, खाटेपाशी जाऊ."

"मले घरी काम आहे. समदे ठीक आहेत."

"पाचच मिनिटं, ताई. ही आजी नवीन दिसते."

"पायात खुंट गेलं. पट्टी केली. अजून काय पाह्यजे?"

निकितानं वैष्णवीला विचारलं, "आजीले कोणत्या औषधाचा त्रास होते का? सुई, गोळी?"

वैष्णवी गोंधळली. "नाही... मले तं माहीत नाही जी. नाही वाटत."

निकिता पुन्हा विमलताईंकडे वळली. "ताई, तुमाले काही सांगतलं का यांच्या घरच्यानं?"

प्रश्न सरळ होता. उत्तर विमलताईंच्या जिभेवर होतं. पण त्याच वेळी एक शिकाऊ मुलगी दारात येऊन म्हणाली, "निकिता मॅडम, मोठे डॉक्टर म्हणाले, मानांकनवाल्यांसमोर तुम्हीच बोलायचं." निकिताच्या चेहऱ्यावर लाजरा आनंद पसरला. तो विमलताईंनी पाहिला, आणि त्यांच्या आत काहीतरी ताठ झालं.

"तुले तं सारं येते न," त्या म्हणाल्या. "मंग मले कायले विचारतं?"

पिशवी खांद्याला लावून त्या बाहेर पडल्या. म्हातारीचं वाईट व्हावं असं त्यांच्या मनात नव्हतं. म्हातारी जागी होईल, सांगेल. नाहीतर म्हातारा येईल. डॉक्टर निकिताला सर्वांसमोर विचारतील, 'हे तुला माहीत नव्हतं?' एवढंच. त्या पोरीची मान एकदा खाली झालेली पाहायची होती.

विमलताई बाजारात वांगी निवडत होत्या तेव्हा फोन वाजला. वॉर्डातली सेविका रडत होती. "ताई, निकिता मॅडमनं सुई देल्ली अन् पेशंट गेला."

पहिल्या क्षणी विमलताईंना बरं वाटलं. खोटं कशाला सांगायचं? पडली एकदाची, असं मनात आलं. कोणता पेशंट, हे त्यांनी त्यानंतर विचारलं.

"पाय सुजलेली आजी वो. डॉक्टरनं पेनिसिलिन लिहून देल्लं होतं. अंगावर गांधी उठल्या, निळी पडली. मॅडमनं सारं केलं, औषधं देल्ली, छाती दाबली, डॉक्टर धावत आले. नाही वाचली."

वांगी हातातून टोपलीत पडली. भाजीवालीनं "काय झालं वो ताई?" असं विचारलं. विमलताई तशाच वळल्या आणि घराकडे निघाल्या.

त्या घरी आल्या, खुशीला वाढलं, स्वतः जेवल्या नाहीत. खुशीलाही बातमी कळली होती. ती म्हणाली, "निकिता मॅडम अशी चूक करूच शकत नाही, आई. ती विचारल्याबिगर सुई देत नाही." विमलताईंनी पाठ फिरवली. अजूनही, त्या अवस्थेतही, लेकीच्या तोंडचं ते कौतुक त्यांना टोचलं. मत्सर असा असतो. मढं समोर असलं तरी त्याची भूक मरत नाही.

दुसऱ्या दिवशी मोठ्या डॉक्टरांच्या खोलीत सगळे जमले. संस्थेचे अध्यक्ष खास आले होते. एका बाजूला सदाशिवराव आणि वैष्णवी, भिंतीशी निकिता, दाराजवळ विमलताई. निकिताचे डोळे सुजले होते, पण ती ताठ उभी होती.

"मी सिस्टरले सांगतलं होतं," सदाशिवराव पुन्हा पुन्हा तेच म्हणत होते. "माह्या तोंडानं सांगतलं होतं, हे औषध देऊ नोका."

"कोणत्या सिस्टरला?" अध्यक्षांनी विचारलं.

म्हाताऱ्यानं दोघींकडे पाहिलं. पांढरे कपडे, तोंडावर मास्क. "मले वयखू नाही येत, साहेब."

"मला सांगितलं नाही," निकिता म्हणाली. "मी यांच्या सुनेला विचारलं होतं, विमलताईंनाही."

अध्यक्ष समजुतीच्या आवाजात बोलू लागले. "बाबा, दुःखात माणसाला काहीबाही आठवतं. तुमच्या सुनेला आमच्या सिस्टरनं विचारलं होतं. तिनंच नाही म्हणून सांगितलं. आता घरच्याच माणसानं चुकीची माहिती दिली तर दवाखाना काय करणार? तरीपण या सिस्टरनंही अजून चौकशी करायला हवी होती. नवी आहे. तिला आम्ही कामावरून कमी करतो. झालं ते झालं, आता बाहेर बोभाटा नको." मग ते दाराकडे वळले. "विमलताई, सुरक्षिततेचं काम उद्यापासून तुम्ही पाहा. अनुभवाला पर्याय नसतो."

जे हवं होतं ते सगळं एका वाक्यात मिळालं. निकिताची मान खाली झाली होती. खुर्ची रिकामी झाली होती.

पण विमलताईंना निकिता दिसत नव्हती. त्यांना सदाशिवराव दिसत होते. म्हातारा हळूच सुनेकडे वळला होता. त्या नजरेत शिवी नव्हती, आरडाओरडा नव्हता. फक्त एक अंतर पडत चाललेलं होतं. "तू नाही म्हटलं?" त्यांनी विचारलं. वैष्णवी खुर्चीवरून घसरून खालीच बसली. "मामंजी, मले कोणी सांगतलंच नव्हतं जी... मले माहीत नव्हतं..." ती पदर तोंडात कोंबून हुंदके देऊ लागली. ही पोर आता जन्मभर त्या घरात सासूला मारणारी म्हणून जगणार होती.

"मले सांगतलं होतं," विमलताई म्हणाल्या.

खोलीत कुणाला कळलंच नाही. त्यांनी मास्क काढला आणि पुन्हा म्हटलं, "काका, तुमी मले सांगतलं होतं. मीच होती ते सिस्टर. अन् या पोरीनं मले विचारलं, तरी मी तिले सांगतलं नाही."

"विमलताई, तुम्ही थकल्या आहात," अध्यक्ष घाईनं म्हणाले. "बसा. पाणी घ्या."

"मी थकली नाही, साहेब. मी जळत होती. हिच्यावर. म्हणून नाही सांगतलं."

मोठ्या डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. "कळतंय का तुम्हाला काय बोलताय? नोकरी जाईल. पोलीस येतील."

"येऊ द्या. सुनेचं नाव घेसान तं मी चौकात उभी राहून सांगीन."

सदाशिवराव खाली वाकले, सुनेच्या दंडाला धरून तिला उठवलं आणि बाहेर नेलं.

व्हरांड्यात निकितानं विमलताईंना गाठलं. आभार मानायला ती आली नव्हती. "तुमी माह्यावर जळता, हे मले पह्यल्या दिवसापासून माहीत होतं, ताई. मी मनावर घेतलं नाही. पण त्या आजीनं तुमचं काय केलं होतं?"

निकिता उत्तराची वाट न पाहता वॉर्डात गेली, कारण तिथं पेशंट होते.

विमलताई निलंबित झाल्या, चौकशी लागली. निकिताला कामावर ठेवावं लागलं. अध्यक्षांची बोभाट्याची धास्ती मात्र संपली नाही. त्यांनी सगळ्यांना तंबी दिली की चुकीची गोष्ट आतल्या आत मिटवायची. पहिल्यांदाच मोठे डॉक्टर त्यांना म्हणाले, "मिटवून मिटवूनच ही वेळ आली, साहेब. इथं चूक सांगायची भीती आणि विचारायची लाज आहे. ती आधी काढू."

पण गावात वेगळंच चाललं होतं. सदाशिवराव सुतकात घराबाहेर पडले नव्हते, आणि दवाखान्यातल्या खोलीतलं बोलणं वेशीपर्यंत पोचलंच नव्हतं. पोचलं होतं ते एवढंच की सुनेनं 'नाही' म्हटलं. बाया पाणवठ्यावर वैष्णवीला पाहून तोंड फिरवत. तिच्या माहेरी कुणीतरी फोन करून सांगितलं, पोर घेऊन जा. हे सगळं खुशीच्या एका मैत्रिणीकडून विमलताईंना कळलं. तेरवीच्या दिवशी त्या काळीपिवळी जीपमध्ये बसल्या. खुशीही निघाली. खुशीनं कळवल्यावरून निकिता स्टँडवर उभी होती. ती मागच्या बाकावर येऊन बसली.

सदाशिवरावांच्या अंगणात पंगत उठली होती. गावातली माणसं बसली होती. विमलताई मधोमध उभ्या राहिल्या. त्यांनी घडलं तसं सगळं सांगितलं, गांधी उठल्याचं काकांनी बजावलेलं, निकितानं विचारलेलं आणि आपलं उत्तरही. शेवटी म्हणाल्या, "या पोरीचा काही दोष नाही. तिले जे माहीत नव्हतं ते तिनं नाही म्हटलं. मले माहीत होतं. बोल लावा लागते तं मले लावा."

मागून एक दगड आला आणि त्यांच्या पायाजवळ पडला. तानाबाईंचा भाचा दात ओठ खात उठला होता. सदाशिवरावांनी हात वर केला. "बस खाली. पाव्हनी नाही ते, पण आंगनात आली आहे."

वैष्णवी ओसरीच्या खांबाला टेकून ऐकत होती. तिच्या चेहऱ्यावर क्षमा नव्हती. ती म्हणाली, "उद्या माह्या मामंजीले काही झालं तं मी कुठं नेऊ? तुमच्याच दवाखान्यात न? मी कशी भरोसा ठेवू?"

सगळं अंगण उत्तराची वाट पाहू लागलं.

"माह्यावर भरोसा ठेवू नोको," विमलताई म्हणाल्या. "मी असो नाही तं आणखी कोणी असो. सुई टोचण्याच्या आधी हात धरजो. कायची आहे, कायले आहे, विचारजो. सिस्टर खेकसली तं दुसरीले विचारजो. जे त्रास होते ते एकाले सांगतलं म्हणून गप्प नोको बसू, येईल त्याले सांगजो. तो तुया हक्क आहे. आमचा राग आमच्यापाशी."

मग बायांच्या घोळक्यातून एक म्हातारी काठी टेकत पुढं आली. विमलताईंना वाटलं, ही थुंकणार. म्हातारीनं पोलक्याची बाही वर सारली. "मले ते ताकदीची लाल गोळी घेतली का असे चट्टे येते वो बाई. डॉक्टरले सांगाले भेव लागे. सांगू का आता?"

"सांगा ना माय," निकिता पुढं झाली आणि तिच्यासमोर जमिनीवर बसली.

मग दुसरी बाई उठली. तिच्या लेकाला खोकल्याच्या औषधानं झटका आला होता. तिसरी उठली, तिच्या नवऱ्याचं सांगायला. वैष्णवीनं ओसरीवरची सतरंजी ओढून अंगणात पसरली, कारण बायांना उभं राहवत नव्हतं. सतरंजीच्या एका कडेला विमलताई बसल्या. त्यांच्याशी कुणी बोललं नाही. पण कुणाला बोलायचं असतं तर त्यांच्या शेजारी जागा होती.