लेम्पेरवरची गवसणी

"गॅस! गॅस गळतोय!" कार्सोनो म्हातारा ओरडला आणि सगळी गल्ली गोळा झाली. उभा जन्म सोलो-सेमारांगच्या बसमध्ये कंडक्टरकी केलेला माणूस तो. मागच्या दारातून ड्रायव्हरला हाक मारणारा गळा, त्याला गल्ली ती काय! शेजारची पाइनेम भिजवलेलं गोणपाट घेऊन धावली. कोपऱ्यावरच्या भजीवाल्याने पेटती शेगडी विझवली. कुणीतरी स्वयंपाकघरातलं छोटं हिरवं सिलिंडर उचलून अंगणात आणलं, आणि सगळे श्वास रोखून त्याच्याभोवती उभे राहिले.

सिलिंडर गप्प होतं. आवाज घरातूनच येत होता. स्स्स्स... स्स्स्स...

तेवढ्यात मधल्या खोलीतून जावई बाहेर आला. गाडिंग त्याचं नाव. बाजारात कवळ्या बनवायचं दुकान होतं त्याचं. स्वभावाने इतका मऊ की गिऱ्हाइकाचा दात दुखला तर हाच "आई गं" म्हणायचा. तोंड एवढंसं करून तो सासऱ्याला म्हणाला, "बापाक, तो गॅस नाही."

"मग काय माझी सासू उठून आली?"

"नाही. ती... लेम्पेर आहे."

लेम्पेर म्हणजे केळीच्या पानात गुंडाळलेला चिकट भाताचा लांबुळका गोळा. तो फुसफुसत नाही, एवढं गल्लीतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. मंडळी आत घुसली. कपाटामागे काचेची पेटी, आणि पेटीत हाताएवढी लांब, तपकिरी नक्षीची बोआ अजगरीण, लेम्पेर नावाची. मान मागे आखडून तिची वेटोळी घडी केलेली, तोंड अर्धं उघडं, आणि लोहाराच्या भात्यासारखं अंग फुगवून ती जगाला शिव्या देत होती. पाइनेमने हातातलं ओलं गोणपाट स्वतःच्याच डोक्यावर घेतलं आणि ती उलट्या पावली अंगणात गेली.

पुढे दोन-चार दिवस गल्लीत दुसरा विषय नव्हता. म्हाताऱ्याला सगळे म्बाह, म्हणजे आजोबा, म्हणायचे. म्हातारा नमाजाला निघाला की भजीवाला विचारायचा, "म्बाह, आज गॅसने जेवण केलं का?"

म्हाताऱ्याच्या नाकावरचा राग काही उतरेना. एका रात्री जेवताना तो मुलीला म्हणाला, "वेनिंग, तुझ्या नवऱ्याला सांग. या घरात एक तर तो साप राहील, नाही तर माझा होला."

नवरा समोरच बसून भात खात होता. पण या दोघांचं असंच चालायचं. सासरा आणि जावई एकमेकांशी इतक्या अदबीने बोलायचे की बोलणंच व्हायचं नाही. काय असेल ते वेनिंगच्या मार्फत जायचं.

हा होला पक्षी म्हणजे म्हाताऱ्याचा जीव की प्राण. रोज सकाळी त्याचा पिंजरा अंगणातल्या उंच काठीवर चढवायचा, आणि त्याचं घूंऽऽ कुरूकुरू ऐकत गोड चहा प्यायचा. बायको गेल्यापासून तर पहिला शब्द त्याच्याशीच. साप घरात आल्यापासून होला मुका झाला होता. निदान म्हाताऱ्याचं तसं म्हणणं होतं.

"बापाकना त्रास होत असेल," गाडिंग ताटाकडे बघत म्हणाला, "तर मी लेम्पेरला घेऊन दुसरीकडे खोली बघतो."

"बघू दे की! अडवलंय कुणी?" म्हातारा म्हणाला.

"बघतील ते," वेनिंग म्हणाली. "आणि मी काय इथे भांडी घासत बसू? ते जातील तिथे मी."

म्हाताऱ्याच्या तोंडातला पापड तसाच राहिला. पण माघार घ्यायची कशी? कंडक्टरने एकदा 'पुढे चला' म्हटलं की म्हटलं. "जा, सुखात राहा," तो म्हणाला. त्याच्या नव्या कवळीतून 'सुखात' म्हणताना बारीक शिट्टी वाजायची. कवळी जावयानेच करून दिलेली, त्यामुळे तक्रारही करता येत नव्हती.

"घ्या," वेनिंग म्हणाली, "तुम्ही फुसफुसता, लेम्पेर फुसफुसते. तिला निदान दात स्वतःचे आहेत."

गाडिंगला हसू आलं, ते त्याने पाण्याच्या ग्लासात बुडवलं. पण दुसऱ्या दिवशी तो खरंच बसस्टँडमागे एक खोली बघून आला. रविवारी टेम्पो येणार असं ठरलं.

म्हातारा वरून खुशीत असल्यासारखा वागला खरा. वेनिंग फडताळातून एकेक भांडं काढून वर्तमानपत्रात गुंडाळायची, तेव्हा तो उगाच अंगणात जाऊन झाडलेलंच अंगण पुन्हा झाडायचा. या घरात एकट्याने जेवायचं कसं, या विचाराने त्याची झोप उडाली होती. कुणाला सांगणार? होल्याला सांगितलं, तर तो मुका.

गाडिंगचंही काही बरं चाललं नव्हतं. लहानपणापासून बोआ पाळायचं त्याचं स्वप्न, आणि स्वप्न हातात येऊन अंगठ्याला चावलं. संध्याकाळी त्याचे सापवाले मित्र यायचे. प्रत्येकाजवळ सल्ला तयार. एक म्हणे, "रोज हातात घे, सवय होईल." दुसरा म्हणे, "भिऊ नकोस, तिला कळतं." मग गाडिंग पेटीचं जाळीचं झाकण उघडायचा. समोरची सरकती काच अडकायची, म्हणून वरूनच हात. ती फुसकारायची, झेपावायची. तरी तो धीराने उचलायचा, आणि ती त्याच्या शर्टावर असली घाण करायची की मित्रांना घरची आठवण व्हायची. उरलेल्यांनी मोबाइलवर फोटो काढायचे, काचेवर टकटक करायची.

"तिला मी आवडतच नाही," गाडिंग वेनिंगला म्हणाला. दारातून ऐकणाऱ्या म्हाताऱ्याला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. पोराचा चेहरा परीक्षेत नापास झाल्यासारखा होता.

मग गुरुवारी दुपारी काय झालं ते ऐका. दोघं कामावर गेलेली. ऊन मी म्हणत होतं म्हणून म्हाताऱ्याने होल्याचा पिंजरा आत आणून मधल्या खोलीत टांगला. टांगताच पेटीतून स्स्स्स सुरू. होला पिंजऱ्याच्या कोपऱ्यात अंग चोरून बसला.

"अगं भवाने, गप्प बस ना जरा!" म्हातारा खेकसला. ती गप्प बसेना. म्हाताऱ्याचं डोकं फिरलं. खुंटीवर पिंजऱ्यावर घालायची जुनी निळी कापडी गवसणी लोंबत होती. ती त्याने ओढली आणि रागारागाने पेटीवर टाकली. तू मला नको, मी तुला नको, हिशेब मिटला!

आत एकदा धडक बसल्याचा आवाज आला. फुसकारा थोडा चालला, मग थांबला. म्हातारा खुर्चीत बसून वाट बघत राहिला. काहीच नाही. नुसता पंखा. जरा वेळाने होल्याने मान वर केली आणि बोलला, घूंऽऽ कुरूकुरू.

म्हाताऱ्याने आनंदाने मांडीवर थाप मारली, आणि तसाच थांबला.

नवा होला घरी आणला की आपण काय करतो? गवसणी घालतो. पिंजरा एका जागी ठेवतो. दाणापाणी द्यायचं आणि लांब व्हायचं. कुणी बघायला आलं तर सांगायचं, पुढच्या आठवड्यात या. नाही तर पाखरू गजांवर डोकं आपटून कपाळ रक्ताळून घेतं. अडाणी लोक म्हणतात, माजलंय. माज कसला? घाबरलेलं असतं बिचारं. नवी जागा, नवे वास, आणि वरून येणारा हात. पाखराला काय, सापाला काय, वरून झडप घालते ती घारच.

"अरे देवा," म्हातारा मोठ्याने म्हणाला. "आणि हे गाढव पहिल्या दिवसापासून तिला बाजारात मांडून बसलंय!"

त्याला जावयाचा असा राग आला की विचारू नका. साप आणल्याचा नव्हे, नीट न पाळल्याचा. लेम्पेर फुसकारत होती ती रागाने नाही. तिची पाचावर धारण बसली होती, आणि 'जवळ येऊ नका' एवढं सांगायला तिच्याकडे दुसरी भाषा नव्हती.

पण हे जावयाला सांगायचं कसं? गॅस-गॅस ओरडून गल्ली गोळा केली, साप घालव म्हणून ताटावर बसून सांगितलं, आणि आता सापाची वकिली? गल्लीने जिणं मुश्कील केलं असतं. म्हाताऱ्याने विचार केला आणि त्याला एकच वाट दिसली. कंडक्टरची, हुकूम सोडायची.

संध्याकाळी सगळे घरी आले तेव्हा तो पेटीजवळ खुर्ची टाकून बसला होता. "वेनिंग, तुझ्या नवऱ्याला सांग. ही गवसणी माझी आहे. माझा होला या जनावराला भितो. मी सांगेपर्यंत गवसणीला कुणी हात लावायचा नाही. मित्र नाहीत, फोटो नाहीत, काचेवर टकटक नाही. ज्याने गवसणी उचलली त्याला मी गवसणीत बांधून नदीत टाकीन."

"आणि रविवारी पेटी हलवायची कशी?" वेनिंगने विचारलं.

"रविवारचं रविवारी. या नाही, पुढच्या. टेम्पोवाल्याला काय घाई आहे?"

वेनिंगने बापाकडे डोळे बारीक करून पाहिलं. गाडिंगने मात्र निमूट मान खाली घातली. सासऱ्याने सांगितलं, संपलं.

पुढे म्हाताऱ्याचे दिवस फार गमतीचे गेले. दोघं कामावर गेली की तो पेटीपासून हातभर अंतरावर बसून वर्तमानपत्र वाचायचा, आणि मोठ्याने वाचायचा, आवाजाची सवय व्हावी म्हणून. अपघाताच्या बातम्या मात्र वगळायचा. समोरच्या काचेच्या खाचेत त्याने खोबरेल सोडलं, ती सरसर सरकायला लागली. मग गवसणीचं पुढचं टोक बोटभर वर. दुसऱ्या दिवशी वीतभर. लेम्पेर आधी आखडायची. मग नुसती जीभ काढून बघायची. मग एके दुपारी ती सैल पडून राहिली, हनुवटी स्वतःच्याच अंगावर टेकवून, आणि म्हातारा बाजारभाव वाचत राहिला.

"शहाणी गं माझी बाय," तो म्हणाला आणि चटकन मागे वळून कुणी ऐकलं नाही ना ते बघितलं. दारात पाइनेम उभी होती, हातात तळलेल्या केळ्यांची बशी.

"कुणाशी बोलताय, म्बाह?"

"होल्याशी."

"होला बाहेर काठीवर आहे."

"मग गॅसशी बोलतोय! ठेव ती बशी आणि चल घरी."

तो पुढचा रविवार उजाडला. म्हाताऱ्याने मनात सगळा बेत पक्का केला होता. पेटी उघडायची, लेम्पेर शांत, जावई खूश, आता कशाला जायचं असं कुणीतरी म्हणणार आणि आपण नाराज चेहऱ्याने हो म्हणणार. चहा झाल्यावर त्याने गवसणी दूर केली. "वेनिंग, नवऱ्याला सांग, समोरून हात घाल म्हणावं. हळू. आधी तिला हाताचा वास घेऊ दे. पकडायचं नाही, नुसता आधार द्यायचा."

गाडिंगने काच सरकवली. तळहात खाली टेकवून तो थांबला. लेम्पेरने जीभ काढली, आत घेतली, पुन्हा काढली. मग ती सावकाश पुढे आली आणि त्याच्या मनगटावरून वर चढायला लागली. फुसकारा नाही, काही नाही. पोराचे डोळे पाण्याने भरले.

"बापाक," तो म्हणाला. लग्न झाल्यापासून पहिल्यांदाच तो वेनिंगकडे न बघता मनातलं थेट सासऱ्याशी बोलत होता. "तुमचे उपकार कसे फेडू? मला वाटत होतं, इथून निघताना तुमच्या मनात राग राहील. तुम्ही तर आमच्या जाण्याची सोय केलीत. आता ती टेम्पोत मुळीच घाबरणार नाही."

म्हाताऱ्याचा पक्का बेत उलटाच फिरला होता. बाहेर टेम्पोचा हॉर्न वाजला. वेनिंग भांड्यांचं खोकं उचलायला वाकली, तिचंही नाक लाल झालं होतं, पण बापावर गेलेली लेक, ती कशाला आधी बोलतेय?

"थांबा," म्हातारा म्हणाला.

दोघं थांबली. म्हाताऱ्याने हात पुढे केला, खालून, गाडिंगच्या कोपराला टेकवून. आजवर त्याने लेम्पेरला एकदाही शिवलं नव्हतं. लेम्पेरने थोडा विचार केला आणि ती या हातावरून त्या हातावर आली. गार, जड, मऊ. दोन वेढे दंडाला घालून ती स्थिरावली.

"आता न्या बघू हिला," म्हातारा म्हणाला. "न्यायची तर मलाही टेम्पोत घाला."

"बापाक, पण तुम्हीच म्हणाला होतात..."

"म्हणालो! घाबरलो की म्हणतो मी काहीही!" तो बोलून गेला. "तुम्ही तुमच्या जगात गेलात, तर मी एकटाच राहीन म्हणून घाबरलो होतो मी, पोरा. जाऊ नका."

वेनिंगने हातातलं खोकं खाली आपटलं. आत काहीतरी फुटलं, कुणी बघितलंसुद्धा नाही. बाहेर टेम्पोवाला पुन्हा हॉर्न वाजवत होता.

"त्याला चहा द्या आणि परत पाठवा," म्हातारा डोळे पुसायला हात उचलू पाहत म्हणाला, पण तो हात लेम्पेरने अडकवला होता. तेव्हा गाडिंगनेच पुढे होऊन स्वतःच्या बाहीने सासऱ्याचे डोळे पुसले.