कोण म्हणे

मुलगा एसटीने आला.

चिकित्सक म्हणजे डॉक्टर नव्हे.

"तुमचा आवाज येत नाहीये. माइक चालू करा."

आमच्या गल्लीतल्या पाण्याने म्हणे मुतखडा होतो.

पोहे उरले. रात्री तेच गरम करून खाल्ले.

स्क्रीनच्या उजव्या कडेला एक लाल चौकट. त्यात दोन शब्द.

"रविवारी फोन करून नाही म्हणून कळवून टाकतो," सिद्धोधन म्हणाले.

*

हे सगळं गेल्या दोन महिन्यांतलं. आमच्या ऑनलाइन वर्गाच्या मॅडम म्हणतात, सुटे मुद्दे आधी कागदावर टाका, मग त्यांच्यात नातं आहे का ते बघा. नसेल तर ओढूनताणून लावू नका.

मी टाकले. आता बघते.

मी सुकेशनी. सेलूला राहते, अंगणवाडीत आहे. पर्यवेक्षिकेच्या परीक्षेला बसायचं तर पदवी लागते, म्हणून ऑनलाइन बी.ए. करते. त्यात एक विषय सक्तीचा: चिकित्सक विचार आणि लेखन. सासूबाईंनी, म्हणजे सुमनबाईंनी, हे नाव ऐकलं आणि गल्लीत सांगून आल्या की सून डॉक्टरकीचं शिकायली. दुसऱ्या दिवशी समोरची बाई गुडघा दाखवायला आली. सासूबाईंना मी आत्या म्हणते. आत्यांना मी समजावलं की चिकित्सक म्हणजे जो कुठलीही गोष्ट तपासल्याशिवाय मान्य करत नाही तो.

"मंजे तुज्यासारखं," आत्या म्हणाल्या. "निवडलेल्या भाजीतबी काडी काढणारं. त्याला कॉलेज कशाला लागतंय?"

*

पहिल्या निबंधात मी गल्लीतल्या पाण्याबद्दल लिहिलं होतं. मी कागदावर लिहिते आणि माझी नणंद प्रियांका ते टाइप करते. ती टायपिंगच्या क्लासमध्ये शिकवते, बोटं पाण्यासारखी चालतात. निबंध तपासून आला तेव्हा जिथे जिथे "म्हणे" होतं, तिथे तिथे लाल चौकट होती. प्रत्येक चौकटीत तेच दोन शब्द.

कोण म्हणे?

मला आधी वाटलं मॅडम चिडल्या. आमच्याकडे भांडणात असंच विचारतात, कंबरेवर हात ठेवून. प्रियांका हसून हसून खुर्चीवरून पडायची राहिली. "वयनी, त्या खरंच विचारायल्यात. कोणी सांगितलं, कशावरून सांगितलं, ते लिव्हा."

तोवर मी या शब्दाकडे कधी बघितलं नव्हतं. मीठ टाकावं तसा टाकत होते. म्हणे लावलं की वाक्य आपलं राहत नाही. खरं निघालं तर आपण सांगितलेलं असतं, खोटं निघालं तर आपण फक्त ऐकलेलं असतं. वाक्याला पाय असतात, ते घरोघर फिरतं. तोंड कुणाचं ते दिसत नाही.

*

दुसरा निबंध. विषय: आपल्या घरात सध्या होत असलेला एक निर्णय निवडा. तो कशावर उभा आहे ते तपासा.

निवडायला वेळ लागला नाही. प्रियांकाला मानवत गावचं स्थळ आलं होतं. मुलाचं नाव धम्मपाल, मेडिकल दुकानात फार्मासिस्ट. आई-वडिलांसोबत एसटीने आला, बघण्याचा कार्यक्रम झाला, दोघं थोडा वेळ गच्चीवर बोलली. सगळ्यांना पसंत होता. दोन दिवसांनी कुठूनसं एक वाक्य घरात आलं आणि निर्णय फिरला.

ते वाक्य मी कागदावर सगळ्यात वर लिहिलं.

मुलाला म्हणे फिट येतात.

मग मॅडमच्या भीतीने "म्हणे" खोडलं.

मुलाला फिट येतात.

बघवेना. एवढासा शब्द गेला आणि वाक्य दगडासारखं जड झालं. मी तो परत लिहिला आणि चौकशीला निघाले.

*

"तुमाला कोणी सांगितलं?" मी नवऱ्याला, सिद्धोधनना, विचारलं. ते जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक आहेत. पेपर तपासत बसले होते.

"आईनं."

"आन् तुमी लगेच खरं धरलं?"

"इथं माझ्या बहिणीच्या जिंदगीचा सवाल हाय आन् तुझा अभ्यास चालूय व्हय?"

"पौर्णिमेला विहारात तुमीच बोलता की. पुराव्याशिवाय काही मानू नका म्हणून."

"ते वेगळं."

"कसं वेगळं?"

त्यांनी पेन बंद केलं. "ते भाषण हाय."

आत्यांना विचारलं तर त्यांना सरजाबाईंनी सांगितलं होतं. सरजाबाई म्हणजे आत्यांची धाकटी बहीण, मानवतलाच दिलेली. "सख्खी बहीण हाय माझी. ती खोटं बोलंल व्हय?" असं म्हणून आत्यांनीच फोन लावून दिला.

"हालू! सुकेशनी व्हय? जेवलीस का? लेकरं बरी हायती ना?"

"बरी हायती. मावशी, त्या धम्मपालला फिट आलेली तुमी बघितली का?"

"मी कशाला बघू? मी काय त्याच्या घरात राहायले का?"

"मग कोणी बघितली?"

"अगं, सगळं मानवत म्हणायलंय."

"त्यातल्या एखाद्याचं नाव सांगा की."

"नाव कशाला? पोलिसात द्यायलीस का?" मग त्यांचा आवाज जरा खाली आला. "हे बघ, तीस वर्साचं पोरगं. दारात गाडी हुबी. बाप चालवतंय, भाऊ चालवतंय, आन् ह्ये रोज एष्टीची वाट बघत हुबं ऱ्हातंय. धडधाकट माणूस असं करंल का? मग काय समजायचं माणसानं?"

मी समजले. फिट कोणी बघितलीच नव्हती. लोकांनी फक्त एक माणूस एसटी स्टँडवर उभा असलेला बघितला होता.

*

निबंध भराभर झाला. माझ्या हाताला इतका वेग कधी नव्हता. लिहिलं की गाडी न चालवण्याला पन्नास कारणं असू शकतात. भीती वाटत असेल. कधी अपघात बघितला असेल. एसटीत खिडकीशी बसायला आवडत असेल. एका गोष्टीवरून थेट दुसरीवर उडी मारली गेली आहे, मध्ये पूल नाही. शेवटी ठळक लिहिलं:

निष्कर्ष: दाव्याला पुरावा नाही. म्हणून निर्णय चुकीचा आहे.

शनिवारी दुपारी प्रियांका टाइप करायला बसली. मी शेजारी शेंगा फोडत होते. शेवटच्या ओळीवर बोटं थांबली.

"वयनी, हे चुकलंय."

"शुद्धलेखन?"

"न्हाई. निष्कर्ष."

मी तिच्याकडे बघितलं. ती स्क्रीनकडेच बघत होती.

"त्याला फिट येतात. म्हणजे येत होत्या. गोळी चालू झाल्यापासून आली न्हाई, पण गोळी चालूच ठेवायचीय. गाडी डॉक्टरनं बंद केलीय. गच्चीवर गेल्या गेल्या पहिलं वाक्य हेच बोलला तो. नाव नंतर विचारलं माझं."

"आन् तू एवढे दिवस गप बसलीस?"

"मला कोणी विचारलं?"



*

विचार कर. त्याला विचार.

शब्द एकच. विचार नावाचा विषय मी दोन महिने शिकत होते. नवऱ्याला विचारलं, सासूला विचारलं, मानवतला फोन केला. जिचं लग्न आहे ती रोज माझ्या शेजारी बसून माझीच वाक्यं टाइप करत होती.

आणि मावशी, ज्यांना काहीच माहीत नव्हतं, त्या बरोबर निघाल्या. मॅडमनी एका व्हिडिओत सांगितलं होतं की चुकीच्या वाटेने आलेलं वाक्यसुद्धा खरं असू शकतं. तेव्हा मी ते पुढे ढकलून दिलं होतं, परीक्षेला येणार नाही म्हणून.

*

खोटं कशाला बोलू, एक गोष्ट मनात आली. निबंध जसा आहे तसाच राहू द्यावा. सिद्धोधनना वाचून दाखवावा. पुरावा नाही म्हटल्यावर त्यांना पटलं असतं. शिक्षक आहेत, मांडणीला भुलतात. रविवारचा फोन थांबला असता. मी प्रियांकाला तसं म्हटलंही.

"आन् लग्नानंतर फिट आली तर?" ती म्हणाली. "तवा काय सांगायचं? आम्हाला म्हणे माहीत नव्हतं?"

तिने शेवटच्या ओळीवर कर्सर नेला आणि पुसायचं बटण दाबून धरलं. कर्सर अक्षरं मागून पुढे खात गेला.

*

रविवार. चहा झालेला. सिद्धोधन फोनवर मानवतचा नंबर शोधत होते.

"दादा, थांब," प्रियांका म्हणाली. "त्याला फिट येतात हे खरं हाय. मला त्यानंच सांगितलं."

"बघा!" आत्या म्हणाल्या. "सरजा खोटं बोलत न्हाई."

"मग काही बोलायचंच राहिलं न्हाई," सिद्धोधन म्हणाले.

"राहिलं," मी म्हणाले. "फिट येतात, हे एक वाक्य. लग्न करायचं न्हाई, हे दुसरं. मधलं वाक्य कुठाय?"

"मधलं काय आणखी? झाला का तुझा कोर्स सुरू!"

"मधलं मी सांगते," प्रियांका म्हणाली. "मला चालतंय."

ती हे अगदी साध्या आवाजात म्हणाली.

"उद्या पस्तावशील, पियू," सिद्धोधन म्हणाले.

"पस्तावले तर मी पस्तावीन. तुज्या नकारानं सुखी झाले असते, हे तरी कशावरून?"

"बाई, दोघीबी चिकित्सक झाल्या," सिद्धोधन आईकडे बघून म्हणाले. पण आत्या त्यांच्याकडे बघत नव्हत्या.

"गोळी रोज घेतंय का ते?" त्यांनी विचारलं.

"रोज. मेडिकलातच बसतो की तो."

"इसरत न्हाई?"

"न्हाई म्हणाला. रोज सकाळी गजर लावतो."

आत्यांनी पदराने कपाखालचं ओलं पुसलं. "तुज्या बापाला बीपीची गोळी मी हातात आणून द्यायची, तरी खिशात घालून जायचा. धुण्यात निघायच्या." मग त्यांनी कप बाजूला ठेवला. "इसरत नसंल तर माणूस वाईट न्हाई."

सिद्धोधन उठले, दारापर्यंत गेले, परत आले. "असं तोंडावर हो म्हणणार न्हाई मी. आधी त्याच्या डॉक्टरला भेटणार. तुझ्यासमोर. जे विचारायचं ते सगळं विचारणार."

"विचार," प्रियांका म्हणाली.

त्यांनी फोन लावला. पलीकडे धम्मपालचे वडील असावेत. रामराम नाही, जयभीम झाला, तब्येतीची विचारपूस झाली, आणि मग सिद्धोधन अडखळत म्हणाले, "न्हाई न्हाई, नकार न्हाई. एक विचारायचं होतं. डॉक्टर कोणत्या वारी भेटतात?"

*

निबंध मी संध्याकाळी पाठवला. नवी शेवटची ओळ अशी होती:

निष्कर्ष: दावा खरा आहे. निर्णय अजून व्हायचा आहे आणि तो ज्या व्यक्तीचा आहे, तिला आता विचारलं गेलं आहे.

बुधवारी तपासून आला. "म्हणे" एकाच ठिकाणी होतं, वरच्या वाक्यात, आणि त्यावर चौकट नव्हती. शेवटच्या ओळीवर होती. निष्कर्ष अपुरा वाटतो. पुन्हा लिहावा.

मी अजून लिहिलेला नाही. डॉक्टरची भेट शुक्रवारी आहे.

*

आणखी एक सुटा मुद्दा, गाडीबद्दलचा: प्रियांका बारावीच्या सुट्टीत मोटारसायकल शिकली. शिकवली तिच्या दादाने.